काटा बरोबर होता

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पुन्हा वर्गात जाऊन बसलो आणि पहिल्याच दिवशी नापास झालो. विषय होता बोल्ट आवळणे. ज्यावर चाळीस वर्षं संसार चालवला, त्यातच नापास.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही सात विद्यार्थी उभे होतो. स्पोर्ट्‌स कारचं इंजिन खोलून पुन्हा बांधायला शिकवणारा तीन महिन्यांचा वर्ग होता तो. समोर जाड लोखंडी पाट, त्यावर प्रत्येकासाठी सहा बोल्ट. शिकवणाऱ्या प्रज्ञा मॅडम माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. पुण्याला शिकून, परदेशात शर्यतीच्या गाड्यांवर काम करून नागपूरला परत आलेल्या. त्या म्हणाल्या, "मीटर नाही, काही नाही. नुसत्या हाताच्या अंदाजानं आवळा."

मला मनातल्या मनात हसू आलं. बाकीचे सहा हौशी होते. बंगळूरहून सुट्टी काढून आलेल्या एका संगणकवाल्याने तर पाना उलटा धरला होता. मी दोन मिनिटांत सहाही बोल्ट आवळले आणि हात पुसत बाजूला झालो. मॅडमनी जोर मोजणारा पाना आणला, त्याला टॉर्क पाना म्हणतात, आणि एकेक बोल्ट तपासला.

"काका, सहाही बोल्ट एकदम सारखे आहेत. असा हात मी कोणाचा नाही पाहिला."

मी मिशीवरून हात फिरवला.

"आणि सहाही चुकीचे आहेत," त्या म्हणाल्या. "एवढं आवळलं तर या इंजिनाचे आटेच निघून येतील. हे ॲल्युमिनियम आहे काका, ट्रकचं ओतीव लोखंड नाही."

सगळे हसले. पाना उलटा धरणारा सगळ्यांत जास्त हसला. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, उद्यापासून जात नाही. सुमन म्हणाली, "काहून? मास्तरीणबाईनं छडी मारली का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून हातात ठेवला.

आता या वयात मला हा शहाणपणा कुठून सुचला, ते सांगायचं तर आधी थोडं धंद्याबद्दल बोलावं लागेल. आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं, कोष्ट्यांचं. वडील नऊवारी विणायचे. मागावर हात फिरवून, डोळे मिटून, हजार धाग्यांतला कुठला ढिला आहे ते सांगायचे. पुढे माग बंद पडले आणि मी एका गॅरेजात चिकटलो. वडिलांचा हात माझ्याकडे आला, एवढीच आमची वडिलोपार्जित इस्टेट. बोल्ट कुठवर आवळायचा, रिंग किती सैल ठेवायची, हे मला पुस्तकात पाहावं लागलं नाही. मग महालात स्वतःचं गॅरेज टाकलं. गल्ली एवढी अरुंद की गाडी आत येताना सरळ आणि बाहेर जाताना उलटी. तिथून पुढे मनीषनगरला आलो. "वसंताचा हात" म्हणून लोक लांबून गाड्या आणत.

आमच्या बोलीत इंजिन 'बांधणं' म्हणतात. गाडी धूर सोडू लागली, तेल पिऊ लागली, चढावर रडू लागली की इंजिन बाहेर काढायचं, शेवटच्या नटापर्यंत खोलायचं, धुवायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडायचं. यात खरा खेळ तेलाचा. आत एवढं लोखंड फिरतं, पण लोखंड लोखंडाला कधी टेकत नाही. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, केसाहून बारीक. फिरणारा दांडा म्हणजे क्रँक, आणि तो ज्या गुळगुळीत वाट्यांत फिरतो त्या म्हणजे बेअरिंग. प्रत्येक बेअरिंगपर्यंत तेल न्यायला इंजिनाच्या अंगात बारीक बोगदे असतात. एखाद्या बेअरिंगला मिनिटभर जरी तेल मिळालं नाही, तरी ते जळतं, क्रँक धरला जातो, आणि इंजिन जाम होतं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसलो तर अंक पुरायचा नाही. सक्करदऱ्याचे एक बँडमास्तर होते. जीप घेऊन आले की आधी डोळे मिटून इंजिन ऐकायचे आणि म्हणायचे, "वसंता, तिसऱ्यात बेसूर आहे." मी चिडायचो. चार दिवस मी त्यांना खोटं पाडायला खटपट केली आणि शेवटी तिसऱ्याच सिलिंडरचा व्हॉल्व्ह ढिला निघाला. त्यांना सांगताना माझ्या जिवावर आलं होतं. पण असे कान लाखात एकाला. बाकीचं गिऱ्हाईक इंजिन ऐकत नाही, फरशी पाहतं. गाडी नेल्यावर त्याच्या पोर्चमध्ये तेलाचा एक थेंब जरी पडला, तरी मिस्त्रीचं नाव गेलं.

म्हणून आमच्या पिढीने एक मंत्र धरला होता. जोडावर शेलॅक भरपूर लावायचं. शेलॅक म्हणजे डिंकासारखा तपकिरी लेप. इंजिनाचे दोन भाग जिथे जोडले जातात तिथे तो लावला की तेल झिरपत नाही. थोडं जास्त लावलं तर काय बिघडतं? दाबल्यावर बाहेर येतं, पुसून घ्यायचं. माझ्या उस्तादाने मला हे शिकवलं आणि मी पुढे दहा-बारा जणांना शिकवलं. माझ्या हातचं इंजिन कधी गळलं नाही, ही माझी शेखी होती.

धंतोलीत एक डॉक्टरसाहेब राहतात. भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रिया चालू असताना माणूस झोपवायचा, सांभाळायचा आणि परत जागा करायचा, हे त्यांचं काम. सारा जन्म यंत्रांवरचे काटे आणि पडदे पाहण्यात गेला. माणूस शिस्तीचा, बोलायला कमी. त्यांचा एकच शौक होता, लाल रंगाची, दोन माणसांची, जुनी परदेशी स्पोर्ट्‌स कार. एका खाणमालकाकडून घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडीचा काही दोष नव्हता. त्या गाडीचं इंजिन मागच्या बाजूला, आडवं झोपलेलं, आणि सुपारीच्या दोन फाकांसारख्या दोन अर्ध्या कवचांत बांधलेलं.

एकवीस वर्षांपूर्वी डॉक्टरसाहेबांनी ते इंजिन माझ्याकडे बांधायला दिलं. मुंबईला पाठवा म्हणून त्यांना चार जणांनी सांगितलं होतं. ते म्हणाले, "वसंता, तुझा हात मला माहीत आहे." मी तसलं इंजिन तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं. पण नाही म्हणायची अक्कल तेव्हा नव्हती. दीड महिना खपून बांधलं. चालू झालं तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. फरशीवर थेंब नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरसाहेबांची मुलगी मीनल ती गाडी घेऊन रामटेकला निघाली. तीही त्याच विषयाची डॉक्टर, नुकतीच परीक्षा पास झालेली. पुढच्या महिन्यापासून ती वडिलांच्या हाताखाली, त्यांच्याच ऑपरेशन थिएटरात काम करणार होती. पास झाल्याचं बक्षीस म्हणून त्यांनी पहिल्यांदा गाडी तिच्या हाती दिली. मनसरच्या अलीकडे इंजिन जाम झालं. ट्रकच्या मागे दोर बांधून गाडी माझ्या गॅरेजात आली.

बापलेक समोर उभे असताना मी इंजिन खोललं. एक बेअरिंग जळून काळं झालेलं. मी ते हातात घेतलं आणि म्हणालो, "तेल नाही भेटलं याले. ताई, तुम्ही स्टिअरिंगसमोरचा ऑइलचा काटा पाह्यला नसंल."

"पाहिला होता," मीनल म्हणाली. "सारखा पाहत होते. काटा बरोबर होता."

"काटा बरोबर असता तं इंजिन जाम कसं होईन?" मी म्हणालो. आजूबाजूची माणसं हसली, आणि मला तो हशा आवडला. खोटं कशाला बोलू.

डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी ते काळं बेअरिंग माझ्या हातातून घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि मुलीला म्हणाले, "जिला गाडीचा काटा दिसत नाही, तिच्या हाती मी झोपलेला माणूस कसा देऊ?"

महिन्याभरात ती हैदराबादला नोकरीला निघून गेली. वडिलांच्या थिएटरात तिने कधी पाऊल ठेवलं नाही. सणावारी यायची, दोन दिवस राहून जायची. मी ते सुटे भाग पेट्यांत भरून बंगल्यावर पोचते केले, आणि डॉक्टरसाहेबांनी पुन्हा कधी इंजिनाचा विषय काढला नाही. गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली राहिली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मीनलताई माझ्या गॅरेजात आली. केस कानशिलाशी पांढरे झालेले. ओळखायला मला क्षणभर लागला. म्हणाली, "वसंतकाका, बाबा ब्याऐंशीचे झाले. मी आता नागपूरलाच आले आहे, त्यांच्याजवळ. ते गाडीबद्दल बोलत राहतात. त्यांना ती एकदा चालू झालेली पाहायची आहे. आणि म्हणतात, वसंतानेच बांधावी."

मी म्हणालो, "मले नाही जमणार ताई. एक डाव तुमच्या समोरच जाम झालं थे."

"ते माझ्यामुळे झालं ना," ती म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली, रोजची गोष्ट सांगावी तशी. मग तिनेच मला हिंगण्याच्या या वर्गाची माहिती दिली. शेवटच्या महिन्यात प्रत्येकाने स्वतःचं इंजिन आणून बांधायचं, असा तिथला नियम होता. पहिल्यांदा मला राग आला. मी शिकायला जाऊ? पण तिच्या त्या एका वाक्याने माझं तोंड बंद केलं होतं. मी हो म्हणालो.

वर्गात माझी रोज जिरायची. चाळीस वर्षं मी रॉकेलच्या घमेल्यात भाग धुतले, इथे पांढऱ्या कापडावर एकेक भाग मांडायचा आणि कापडाला डाग लागला तर पुन्हा धुवायचा. प्रत्येक बोल्ट जिथला तिथेच गेला पाहिजे म्हणून त्याला चिठ्ठी बांधायची. दसऱ्याला वर्गाला सुट्टी होती, मॅडमच्या घरी दीक्षाभूमीला आलेले गावोगावचे पाहुणे उतरले होते. मी आपला आदल्या दिवशीच, खंडेनवमीला, रिवाजाप्रमाणे सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहून आलो. सुट्टीनंतर मॅडमनी टॉर्क पाना उचलला आणि त्यांची बोटं लाल झाली.

"काका, पूजा करा, माझी काही ना नाही. पण याच्या खाचेत कुंकू गेलं तर हा खोटं बोलेल ना."

तो पाना त्यांनी स्वतः साफ केला. मी बाजूला शाळकरी पोरासारखा उभा. पण खरं सांगू? मला तिथे मजा येऊ लागली होती. दुपारी डबे उघडले की तो बंगळूरचा पोरगा माझा झुणका खायचा आणि मला आकडे समजावून सांगायचा. मी त्याला पाना कसा धरायचा ते शिकवलं. वडिलांच्या मागाशेजारी बसून धागे पाहायचो, तेव्हा अंगात जो शांतपणा यायचा तो मला कित्येक वर्षांनी तिथे पुन्हा सापडला. धंदा करता करता तो कुठे हरवला होता कोण जाणे.

तिसऱ्या महिन्यात मी डॉक्टरसाहेबांच्या पेट्या वर्गात आणल्या. तिथे एक पद्धत होती. मेलेलं इंजिन बांधायच्या आधी ते का मेलं, हे सगळ्यांसमोर सांगायचं. मॅडम त्याला पोस्टमार्टेम म्हणायच्या. माझी पाळी आली. मी ते काळं बेअरिंग वर धरलं आणि एकवीस वर्षांपूर्वीचंच वाक्य बोललो, "याले तेल नाही भेटलं. चालवणाऱ्या बाईनं काटा नाही पाह्यला."

मॅडमनी बाकीची बेअरिंगं पाहिली. "हे तर चांगले आहेत सगळे."

"हो ना. एकच जळलं."

"इंजिनात तेल नसतं, तर सगळेच जळले असते ना काका. हा एकटाच काहून जळला?"

वाचकहो, हा प्रश्न मला नवा नव्हता. एकवीस वर्षांपूर्वी, बापलेक समोर उभे असताना, तो माझ्या मनात येऊन गेला होता. एकच का? पण तोवर मी बोलून बसलो होतो, लोक हसले होते, डॉक्टरसाहेबांना पटलं होतं. मी त्या प्रश्नाला बसायला पाट दिला नाही.

मॅडमनी बारीक तार घेतली आणि कवचातल्या तेलाच्या बोगद्यात सारली, नेमक्या त्या जळालेल्या बेअरिंगकडे जाणाऱ्या. तार बोटभर आत गेली आणि अडली. त्यांनी उलट बाजूने ढोसलं, तेव्हा पांढऱ्या कापडावर एक तपकिरी खडा पडला. हरभऱ्याच्या डाळीएवढा. मॅडमनी तो नखाने दाबून पाहिला.

"शेलॅक आहे. या दोन कवचांच्या मध्ये नुसता धाग्याएवढा लेप लागतो. इथं कोणी तरी चांगलं भरून लावलं. जास्तीचं बाहेर आलं तसं आतही गेलं, वाळलं आणि तेलाच्या वाटेत जाऊन बसलं. कोणी बांधलं होतं हे इंजिन?"

"मी," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. बंगळूरचा पोरगाही नाही. मी मॅडमना विचारलं, "पण मंग काटा? काट्यानं दाखवलं असतं ना, तेल नाही म्हणून?"

"नाही ना काका. काटा मेन लाइनवर असतो. आता बघा, उन्हाळ्यात कॉर्पोरेशनच्या टाकीत पाणी आहे, मेन पाइपला फोर्स आहे, पण तुमच्या घरच्या नळात कचरा अडकला. टाकीवरचा मीटर काय दाखवेल? सगळं ठीक. त्या बाईंनी काटा पाहिला असेल तर तो बरोबरच दिसला असेल. इंजिन जाम होईपर्यंत बरोबर."

मी बाहेर जाऊन नळाखाली हात धुतले. स्वच्छच होते, तरी धुतले. मीनल खरं बोलत होती. आणि मला ते तेव्हाच शोधता आलं असतं, एका तारेने, दोन मिनिटांत. मी शोधलं नाही, कारण शोधलं असतं तर खडा माझ्याच हातचा निघाला असता. असं मी तेव्हा मनाशी म्हटलं नव्हतं. पण हात आखडला होता, हे खरं.

सुमनला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आता इथं कायले बसले? जा ना धंतोलीले." मी म्हणालो, आधी इंजिन बांधतो, चालू करून देतो, डॉक्टरसाहेब खुश होतील, मग सांगतो. दुसऱ्या दिवशी मॅडमनाही हाच बेत सांगितला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आधी सांगा काका. नंतर सांगितलं तर त्यांना तुम्हाला काही बोलताच येणार नाही. त्यांना बोलू द्या."

एका दुपारी मी बंगल्यावर गेलो. डॉक्टरसाहेब आरामखुर्चीत, मीनलताई शेजारी पेपर वाचत. मी खिशातून कागदाची पुडी काढली, तो खडा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बोलायला लागलो. डॉक्टरसाहेबांना आता ऐकू कमी येतं. अर्धं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "जोरात बोल वसंता. काय कोणी लावलं?"

कबुली हळू आवाजात द्यायची असते. मला ती ओरडून द्यावी लागली. "शेलॅक मी लावलं होतं साहेब! ताईची चूक नव्हती! काटा बरोबर होता!" आतून स्वयंपाकाची बाई दारात येऊन उभी राहिली. मला भुईने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

डॉक्टरसाहेबांनी खडा बोटांत धरला. "म्हणजे काटा खरा, पण आत एकीकडे तेल पोचतच नव्हतं."

"हो."

"हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगायचो," ते म्हणाले. "पडद्यावरचे आकडे ठीक असतात आणि माणूस हातातून जातो. जवळ जाऊन माणसाकडे पाहा. पोरांना सांगायचो. वर्षानुवर्षं." मग ते मुलीकडे वळले. "तू सांगितलं होतंस मला."

"एकदा सांगितलं होतं, बाबा," मीनलताई म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही सांगितलं."

म्हाताऱ्या माणसाला रडताना पाहणं कठीण. ते चष्मा काढून पुसत राहिले. पुष्कळ वेळ पुसला. तिने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"काका, त्या दिवशी तुम्हाला काहीच शंका आली नव्हती?"

इथे खोटं बोलायला जागा होती. तशा इंजिनाचा मला अनुभव नव्हता, एवढं म्हणालो असतो तरी सुटलो असतो.

"आली होती ताई," मी म्हणालो. "एकच काहून जळलं, असं वाटलं होतं. म्या पाह्यलं नाही."

"हैदराबादला मी वीस वर्षं एकेका पेशंटचा आकडा दोन-दोनदा वहीत लिहायचे," ती म्हणाली. "सगळे हसायचे. म्हणायचे, मशीन नोंद ठेवतं, तू कशाला लिहितेस." मग ती आत गेली. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून तिचा आवाज आला, "इंजिन तुम्हीच बांधा."

बांधलं. जोडावर लेप लावताना सुईने दोरा मांडावा तसा मांडला, आणि मॅडमनी भिंग घेऊन पाहिला. सगळे बोगदे तारेने, मग हवेने, मग तेलाने तपासले. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. पान्याने टक् केलं की थांबायचं. माझा हात दर वेळी आणखी थोडं मागायचा आणि मी त्याला दर वेळी नाही म्हणायचो. चालू केलं त्या दिवशी खालच्या पांढऱ्या कापडावर तेलाचा एक थेंब पडला. मी दचकलो. मॅडम म्हणाल्या, "पडू द्या काका, या जातीचं इंजिन थोडं गळतंच."

गॅरेजात शिकवलेल्या माझ्या दहा-बारा जणांना मी एकेक करून फोन केले. शेलॅक कमी लावा म्हणून सांगितलं. दोघांना वाटलं मला वयोमानाने काहीतरी झालं आहे. एक जण म्हणाला, "उस्ताद, तुमचंच तं शिकवणं आहे."

थंडीत एका रविवारी सकाळी बापलेक रामटेकला निघाले. मीनलताई चालवत होती, डॉक्टरसाहेब कानटोपी घालून शेजारी. मी फाटकाशी उभा राहून आवाज ऐकला, कोपऱ्यावर वळेपर्यंत. मग घरी येऊन फोन समोर ठेवून बसलो. सुमनने दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा निवला. मनसरपर्यंत किती वेळ लागतो याचा हिशोब मी तीन वेळा केला.

अकराच्या सुमारास फोन वाजला.

"काका, पोचलो. गडावर आहोत. गाडी छान चालली."

"साहेब कसे आहेत?"

"मजेत. पूर्ण रस्ता बोलत होते. बाहेर बघ, धानाची कापणी झाली बघ, तलाव बघ. मी म्हटलं, तुम्हीच बघा बाबा." ती हसली. "मी काटाच पाहत होते. मनसर कधी गेलं तेसुद्धा कळलं नाही."

मग म्हणालो, "येताना नोका पाहू ताई. एकेक बोगदा म्या सोता तपासला आहे. काही होत नाही आता."

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "तरी पाहीन."